वाहक आणि प्रतिजन : लससंशोधनातील एका गृहीतकाची चिकित्सा

प्रास्ताविक :

इ.स. १८९७ च्या जानेवारीत वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्या कुपीत प्लेगचे मारलेले जंतू आणि ते ज्या रसात वाढवले तो रस, असे सारेच एकत्र होते. जंतूच्या नेमक्या कोणत्या घटकामुळे संरक्षण मिळते, हा प्रश्न विचारण्याची सोय त्या काळी नव्हती आणि तशी निकडही नव्हती. सबंध जंतू शरीरापुढे ठेवावा व निवड शरीरावर सोपवावी, अशी त्या पिढीची रीत होती. क्षयरोगावरील बीसीजी लस जिवंत, पण दुर्बल केलेल्या जंतूंची असली तरी ती याच रीतीतली आहे आणि आजही दिली जाते.

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत ही निवड शरीराकडून प्रयोगशाळेकडे आली. रोगजंतूच्या असंख्य प्रथिनांपैकी प्रतिकारयंत्रणा ज्याला ओळखते तो प्रतिजन. असा नेमका प्रतिजन शोधून तेवढ्याचीच लस करावी, हा नव्या लसशास्त्राचा मुख्य विचार होय. या शोधासाठी जी साधने वापरली गेली, त्यांत विषाणू-वाहकाचे स्थान मोठे आहे. एखादा निरुपद्रवी विषाणू घ्यावयाचा, त्याच्या जनुकसंचात रोगजंतूचे एक जनुक बसवावयाचे आणि त्याने पेशीला संसर्ग घडवावयाचा. ती पेशी रोगजंतूचे ते एकच प्रथिन तयार करू लागते. मग प्रतिकारयंत्रणा त्याला कसा प्रतिसाद देते, हे तपासावयाचे. हेच साधन शोधाचे आणि हेच साधन लसीचेही, ही या पद्धतीची मोठी सोय आहे. तिच्यातील गोंधळाचे मूळही येथेच आहे.

प्रस्तुत लेखाचा रोख या पद्धतीच्या उपयुक्ततेवर नाही. ती निर्विवाद आहे. रोख आहे तो तिच्यामागे गृहीत धरलेल्या एका गोष्टीवर. ते गृहीतक असे की, वाहक केवळ वाहून नेतो आणि त्यातून मिळालेले उत्तर हे प्रतिजनाविषयीचे उत्तर असते. गेल्या चार दशकांतील मोजक्या परंतु ठळक प्रयोगांकडे पाहिले असता हे गृहीतक टिकत नाही, असे दिसते.

पद्धतीचा उगम :

जगातून देवीचे निर्मूलन झाल्याची घोषणा १९८० साली झाली. त्यामुळे देवीच्या लसीतील व्हॅक्सिनिया विषाणू एका अर्थी रिकामा झाला. १९८२ साली अमेरिकेत दोन गटांनी त्याला नवे काम दिले. बेथेस्डा येथे बर्नार्ड मॉस व त्यांच्या सहकाऱ्यांनी आणि न्यूयॉर्क राज्यात डेनिस पॅनिकाली व एन्झो पाओलेत्ती यांनी या विषाणूत परके जनुक बसवता येते, हे दाखवून दिले. व्हॅक्सिनियाचा जनुकसंच मोठा असल्याने त्यात परक्या जनुकाला जागा मिळते, आणि दीर्घकाळच्या वापरामुळे त्याचे गुणदोष परिचित होते. १९८४ मध्ये रेबीज विषाणूच्या पृष्ठभागावरील ग्लायकोप्रथिनाचे जनुक त्यात बसवले गेले आणि तेवढ्या एका प्रथिनाने उंदरांना रेबीजपासून संरक्षण मिळाले. पुढे याच लसीची आमिषे रानात टाकून पश्चिम युरोपातील कोल्ह्यांमधील रेबीज आटोक्यात आणण्यात आला. एक जनुक, एक वाहक आणि स्पष्ट संरक्षण असा हा आदर्श नमुना होता. अर्थात रेबीजविरोधी प्रतिपिंडे याच ग्लायकोप्रथिनाला धरतात, हे त्याआधीच माहीत होते. वाहकाने येथे नवा प्रतिजन शोधला नाही. आधीच्या अंदाजाला पुरावा दिला.

खरा शोध लागला तो इन्फ्लुएंझाच्या बाबतीत, आणि तो प्रयोग तपशिलाने पाहण्याजोगा आहे. इन्फ्लुएंझाची प्रथिने मोजकी, म्हणून एकेक तपासणे शक्य होते. जोनाथन यूडेल, जॅक बेनिंक, जेफ्री स्मिथ व मॉस यांनी इन्फ्लुएंझाची निरनिराळी जनुके वेगवेगळ्या व्हॅक्सिनिया विषाणूंत बसवली. इन्फ्लुएंझाचा संसर्ग होऊन गेलेल्या उंदरांच्या प्लीहेतून मारक टी-पेशी काढल्या. दुसरीकडे काही पेशींना एकेका व्हॅक्सिनियाचा संसर्ग देऊन त्यांत किरणोत्सारी क्रोमियम भरले. मारक पेशींनी ज्या पेशी ओळखल्या, त्या फुटल्या व त्यांतील क्रोमियम बाहेर आले. ते मोजले की कोणते प्रथिन ओळखले गेले ते कळे. १९८५ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष अनपेक्षित होता. इन्फ्लुएंझाच्या एका उपप्रकाराविरुद्ध तयार झालेल्या टी-पेशी दुसऱ्या उपप्रकारालाही ओळखत, याचे एक प्रमुख कारण न्यूक्लिओप्रथिन हे होते. हे प्रथिन विषाणूच्या पृष्ठभागावर नसून आत असते. ॲलन टाउनसेंड यांनी त्याच सुमारास ब्रिटनमध्ये केलेल्या कामातून याला बळकटी मिळाली : पेशीतील प्रथिनांचे तुकडे पृष्ठभागावर मांडले जातात आणि टी-पेशी ते तुकडे ओळखतात, हे १९८६ मध्ये स्पष्ट झाले.

या प्रयोगाचे मोल कमी लेखता येणार नाही. वाहकाने येथे खरोखरच प्रतिजन ओळखून दिला. मात्र कोणत्या अर्थाने ओळखून दिला, हे नीट पाहिले पाहिजे. प्रयोगातील प्रश्न होता : ‘संसर्ग झालेल्या उंदराच्या टी-पेशी कशाला ओळखतात?’ लसीचा प्रश्न वेगळा असतो : ‘कशाविरुद्ध टी-पेशी तयार केल्या तर आजार टळतो?’ पहिल्याचे उत्तर दुसऱ्याला लागू होईल असे मानण्यास आधार नव्हता. तरीही पुढील तीस वर्षे तसे मानले गेले.

ओळख आणि संरक्षण :

न्यूक्लिओप्रथिन बहुतेक सर्व ‘ए’ प्रकारच्या इन्फ्लुएंझा विषाणूंत जवळपास सारखेच असते. त्यामुळे त्यावर आधारलेली लस दरवर्षी बदलावी लागणार नाही, ही आशा स्वाभाविक होती. १९९० साली स्टिट्झ, झिंकरनागेल, पाओलेत्ती प्रभृतींनी व्हॅक्सिनियातून दिलेल्या न्यूक्लिओप्रथिनाची उंदरांवर परीक्षा घेतली. संरक्षण मिळाले नाही. तीनच वर्षांनी, १९९३ मध्ये, जेफ्री उल्मर व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेच प्रथिन कोणत्याही विषाणूविना, नुसत्या डीएनएच्या रूपात उंदरांच्या स्नायूत टोचले. या वेळी भिन्न उपप्रकाराच्या विषाणूपासूनही उंदीर वाचले.

दोन्ही प्रयोगांतील सर्व तपशील सारखे नव्हते, त्यामुळे त्यांची काटेकोर तुलना करणे योग्य नव्हे. तथापि एवढे निश्चित की ‘न्यूक्लिओप्रथिन हा संरक्षक प्रतिजन आहे काय?’ या प्रश्नाला वाहकाचा उल्लेख न करता उत्तर देता येत नाही. १९९० मध्ये वाचून थांबणारा अभ्यासक ‘नाही’ म्हणेल आणि १९९३ मध्ये वाचणारा ‘होय’. प्रतिजन मात्र तोच.

मानवी चाचणीत हा प्रश्न पुन्हा उभा राहिला. व्हॅक्सिनियाचा अधिक सुरक्षित भाऊबंद म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एमव्हीए विषाणूत न्यूक्लिओप्रथिन व एम-१ हे प्रथिन बसवून ऑक्सफर्डच्या संशोधकांनी लस तयार केली. सुरुवातीच्या अभ्यासांत टी-पेशींचा प्रतिसाद उत्तम आला. २०१९ च्या हंगामात ऑस्ट्रेलियातील दोन हजारांहून अधिक प्रौढांत, नेहमीच्या हंगामी लसीच्या जोडीने, तिची परीक्षा झाली आणि २०२२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. जादा लस घेतलेल्यांमध्ये इन्फ्लुएंझाचे प्रमाण कमी झाले नव्हते. १९८५ साली ज्या प्रथिनाला टी-पेशी ओळखतात असे दिसले, त्याच प्रथिनाला २०१९ मध्येही टी-पेशींनी ओळखलेच होते. ओळखण्यात कोणतीच कसूर नव्हती.

येथे मापनपद्धतीचाही विचार करणे अगत्याचे आहे. या क्षेत्रात टी-पेशींचा प्रतिसाद बहुधा ‘एलिस्पॉट’ या चाचणीने मोजतात. रक्तातील पेशींना प्रतिजनाचे तुकडे दाखवले असता ज्या पेशी इंटरफेरॉन-गॅमा स्रवतात, त्या प्रत्येकीचा एकेक ठिपका उमटतो, आणि दहा लाख पेशींमागे किती ठिपके, असा आकडा मिळतो. चाचणी नेटकी आहे व आकडा तुलनेला सोयीचा आहे. परंतु ज्याचे ठिपके अधिक तो प्रतिजन चांगला, हा निष्कर्ष चाचणीतून निघत नाही. तो सोयीतून निघतो. गावातल्या विहिरींची खोली मोजून पाण्याची गोडी ठरवण्यासारखा हा प्रकार आहे. अनेक प्रतिजनांची पुढील वाटचाल केवळ या ठिपक्यांच्या आधारे ठरलेली दिसते, आणि ही या संशोधनपरंपरेची सर्वांत कमकुवत बाजू आहे असे म्हणावे लागते.

वाहक तटस्थ असतो काय?

‘वाहक’ या मराठी शब्दाला येथे थोडा अर्थ जोडून घेता येईल. एस.टी.च्या गाडीत ‘चालक’ आणि ‘वाहक’ असे दोन अधिकारी असतात, आणि वाहक काहीच वाहून नेत नाही. तो तिकिटे देतो, कोणाला घ्यावयाचे ते ठरवतो आणि घंटा वाजवून गाडी थांबवतो वा सोडतो. इंग्रजीतून आलेली, सामान वाहणाऱ्या हमालाची प्रतिमा सोडून ही एस.टी.तील प्रतिमा घेतली तर विषाणू-वाहकाचे वर्तन अधिक नीट समजते. विषाणू कोणत्या पेशीत शिरतो, तेथे किती काळ राहतो, पेशीची धोक्याची घंटा वाजवतो की दाबतो, स्वतःच्या प्रथिनांकडे प्रतिकारयंत्रणेचे किती लक्ष वेधून घेतो, यावर आतल्या पाहुण्या प्रथिनाचे नशीब अवलंबून असते.

याचे सर्वांत लक्षणीय उदाहरण अमेरिकेतील ओरेगन येथील लुई पिकर यांच्या गटाचे आहे. त्यांनी माकडांच्या सायटोमेगॅलो विषाणूत एसआयव्ही या, एचआयव्हीच्या माकडांतील नातलग विषाणूची प्रथिने बसवली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात लसीकरण केलेल्या माकडांपैकी जवळजवळ निम्म्या माकडांनी नंतरचा संसर्ग फार लवकर दाबून टाकला. हे यश मोठेच होते. परंतु त्याहून विचारप्रवर्तक गोष्ट २०१३ मध्ये समोर आली. या माकडांच्या मारक टी-पेशी गॅग प्रथिनाचे जे तुकडे ओळखत होत्या, ते इतर वाहकांतून गॅग दिले असता ओळखले जाणारे नेहमीचे तुकडे नव्हतेच. ते तुकडे वेगळ्या रेणूंवर मांडले जात होते. पुढे त्यांतील काही एमएचसी-ई या सहसा दुर्लक्षित रेणूवर मांडले जातात असे आढळले. या विपरीत वर्तनाचे कारण वाहकाच्या वापरलेल्या वाणात काही जनुके नसणे हे होते. ती परत घातली की ओळखीचा नेहमीचा क्रम परत येई.

याचा अर्थ गंभीर आहे. गॅग तेच, माकडे त्याच जातीची, आणि वाहकाची दोनचार जनुके इकडची तिकडे झाली की ‘गॅगमधील प्रतिजनी भाग कोणता?’ या प्रश्नाचे उत्तर पार बदलते. मग प्रतिजन हा रेणूचा गुणधर्म म्हणावयाचा की रेणू, वाहक आणि शरीर यांच्या भेटीतून घडणारी घटना? पाठ्यपुस्तके पहिली व्याख्या देतात. प्रयोग दुसरीकडे बोट दाखवतात.

याच प्रश्नाची एक बाजू महाराष्ट्रातही घडली. फेब्रुवारी २००५ मध्ये पुण्यातील राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत भारतातील एचआयव्ही लसीची पहिली मानवी चाचणी सुरू झाली. भारतात प्रामुख्याने आढळणाऱ्या ‘सी’ उपप्रकारातील गॅग व आणखी काही प्रथिनांची जनुके ॲडिनो-असोसिएटेड विषाणूत बसवली होती. लस सुरक्षित आढळली, परंतु प्रतिकारप्रतिसाद अगदीच माफक आला आणि ती पुढे नेण्यात आली नाही. त्यापाठोपाठ २००६ मध्ये चेन्नई येथे एमव्हीए वाहकातील दुसऱ्या लसीची चाचणी सुरू झाली. तीतही ‘सी’ उपप्रकारातील गॅग होते. सोबत इतर प्रथिने अधिक होती. येथे बहुसंख्य स्वयंसेवकांत प्रतिसाद दिसला. या दोन्ही चाचण्या परस्परतुलनेसाठी आखलेल्या नव्हत्या, हे मान्य. परंतु पुण्याच्या चाचणीचा निष्कर्ष एकट्याने वाचला तर ‘निवडलेले प्रतिजन दुबळे’ असा समज होणे सहज शक्य होते. दोष प्रतिजनाचा की वाहकाचा, हे सांगण्याची कोणतीही सोय त्या आराखड्यात नव्हती. एका वाहकात एक संच घालून केलेल्या कोणत्याही चाचणीत ती नसतेच.

अमेरिकेतील मर्क कंपनीच्या ‘स्टेप’ चाचणीत याहून कटू अनुभव आला. ॲडिनोव्हायरस-५ या वाहकातून गॅग, पोल व नेफ ही एचआयव्हीची प्रथिने तीन हजार स्वयंसेवकांच्या अभ्यासात तपासली गेली. लस घेतलेल्या तीन-चतुर्थांशांहून अधिक जणांत टी-पेशींचा प्रतिसाद मिळाला. तरीही सप्टेंबर २००७ मध्ये चाचणी थांबवावी लागली. संरक्षण तर नव्हतेच. उलट ज्यांच्या शरीरात त्या ॲडिनोव्हायरसविरुद्ध आधीपासून प्रतिपिंडे होती आणि ज्यांची सुंता झालेली नव्हती, अशा पुरुषांत लस घेतलेल्यांना संसर्ग अधिक झाल्याचे दिसले. वाहकाची स्वतःची पूर्वकथा येथे उत्तरात उतरली होती.

हिवतापाचे उदाहरण :

विषाणूंची प्रथिने मोजकी असतात. हिवतापाच्या प्लाझ्मोडियम फाल्सिपॅरम या परोपजीवाची तशी स्थिती नाही. २००२ साली त्याचा जनुकसंच वाचला गेला, तेव्हा त्यात पाच हजारांहून अधिक जनुके आढळली. इतक्या गर्दीतून प्रतिजन निवडण्यासाठी वाहकांचा वापर सर्वांत योजनापूर्वक झाला तो येथेच. २०१५ मध्ये ऑक्सफर्डच्या गटाने दहा प्रतिजन एकाच पद्धतीने, म्हणजे प्रथम चिंपांझीच्या ॲडिनोव्हायरसातून व नंतर एमव्हीएमधून, उंदरांना देऊन पाहिले. उंदरांना फाल्सिपॅरमचा संसर्ग होत नाही, म्हणून उंदरांच्या हिवतापाच्या परोपजीवात फाल्सिपॅरमचे एकेक जनुक बसवून आव्हान देण्यात आले. एलएसए-१ आणि एलएसएपी-२ या यकृत-अवस्थेतील दोन प्रतिजनांनी, सर्वपरिचित सीएसपी व ट्रॅप या प्रथिनांपेक्षा सरस संरक्षण दिले.

पद्धत म्हणून हे काम प्रामाणिक व कष्टाचे आहे. सर्व प्रतिजनांना समान वाहक मिळाला, ही त्यातील सर्वांत चांगली गोष्ट. मात्र समान वाहक म्हणजे निरपेक्ष वाहक नव्हे. एखाद्या प्रथिनाला हा विशिष्ट जोडवाहक अनुकूल असेल तर ते पुढे जाईल, दुसऱ्याला प्रतिकूल असेल तर ते मागे पडेल, आणि दोन्ही वेळा श्रेय वा दोष प्रथिनाच्या नावावर जमा होईल. शिवाय परोपजीवात बाहेरून बसवलेले जनुक मूळ परोपजीवातील वेळेस व प्रमाणातच प्रथिन तयार करील, याची हमी नसते. सर्वांना एकच प्रश्नपत्रिका दिली म्हणजे परीक्षा न्याय्य झाली असे होत नाही, हे परीक्षा मंडळांवर काम केलेल्या प्राध्यापकांना वेगळे सांगण्याची गरज नाही.

ट्रॅप या प्रतिजनाची मानवातील कथा याच दिशेने जाते. त्याच जोडवाहकातून दिलेल्या एमई-ट्रॅप लसीने २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील अभ्यासात १४ पैकी ३ स्वयंसेवकांना पूर्ण संरक्षण दिले व ५ जणांत संसर्ग उशिरा प्रकटला. संरक्षणाचा संबंध इंटरफेरॉन-गॅमा स्रवणाऱ्या मारक टी-पेशींशी दिसला. केनियातील प्रौढ पुरुषांत, आठ आठवड्यांच्या अवधीत, संसर्गाविरुद्ध ६७ टक्के परिणामकारकता नोंदवली गेली. बुर्किना फासोतील ५ ते १७ महिन्यांच्या बालकांत मात्र, म्हणजे ज्यांच्यासाठी लस हवी होती त्यांच्यात, संरक्षण आढळले नाही.

आणि मग एक विलक्षण वळण येते. ज्या ऑक्सफर्डमधून विषाणू-वाहकांचा हा सारा प्रपंच उभा राहिला, त्याच संस्थेतून निघालेल्या आर-२१ या हिवतापाच्या लसीची जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२३ मध्ये शिफारस केली. तिचे उत्पादन पुण्यातील सीरम इन्स्टिट्यूट करते. या लसीत विषाणू-वाहक नाही. तीत यीस्टमध्ये तयार केलेले प्रथिनकण आहेत, आणि त्यांवरचा प्रतिजन आहे सीएसपी. त्याचे जनुक १९८४ मध्येच उलगडले होते व त्याच्या शोधाचे धागे रूथ नुसेनझ्वाइग यांनी १९६७ मध्ये किरणोत्सारित परोपजीव टोचून केलेल्या प्रयोगांपर्यंत जातात. उंदरांच्या परीक्षेत मागे पडलेला विद्यार्थी वेगळ्या वाहनातून आला आणि पहिला आला. त्याचे काम टी-पेशींऐवजी मुख्यतः प्रतिपिंडांच्या मार्गाने चालते. ज्या परीक्षेत टी-पेशींचेच गुण होते, तेथे त्याला न्याय मिळणे कठीणच होते.

एक आक्षेप :

या विवेचनावर एक रास्त आक्षेप संभवतो. विषाणू-वाहकांनी लाखो जीव वाचवले आहेत, मग तक्रार कसली? इबोलाविरुद्ध व्हीएसव्ही वाहकातील लसीने २०१५ मध्ये गिनीतील वर्तुळ-लसीकरणाच्या अभ्यासात उत्तम संरक्षण दिले. चिंपांझीच्या ॲडिनोव्हायरसावर आधारलेल्या कोव्हिशील्डने भारतातील कोविड लसीकरणाचा मोठा भार उचलला. हे सर्व खरेच आहे. परंतु या दोन्ही ठिकाणी प्रतिजन कोणता, हा प्रश्न वाहकाला विचारलाच गेला नव्हता. इबोलाच्या पृष्ठभागावरचे ग्लायकोप्रथिन एकच. कोविडचे काटेप्रथिन २००३ च्या सार्स व २०१२ च्या मर्सच्या अभ्यासातून आधीच निश्चित झालेले. जानेवारी २०२० मध्ये जनुकक्रम हाती येताच तेच निवडले गेले. रेबीजची स्थितीही तीच होती. म्हणजे वाहक लस म्हणून यशस्वी ठरले ते जेथे शोधक म्हणून त्यांची गरज सर्वांत कमी होती तेथे. जेथे प्रतिजन खरोखर अज्ञात होता, तेथे त्यांच्या शब्दावर विसंबणे महागात पडले.

कोव्हिशील्डच्या निमित्तानेही वाहकाच्या तटस्थतेवर प्रश्न आलाच. २०२१ मध्ये रक्ताच्या गुठळ्या व रक्तकणिकांची घट असा अत्यंत दुर्मिळ विकार नोंदवला गेला. तो पीएफ-४ या रक्तातील प्रथिनाविरुद्धच्या प्रतिपिंडांशी निगडित होता, आणि संशयाची सुई काटेप्रथिनाऐवजी ॲडिनोव्हायरसाकडेच वळली. ही बाब कोविडच्या धोक्यापुढे लहान होती. तरी ‘केवळ वाहून नेणारा’ या कल्पनेला ती बाधक आहे.

वूस्टरची बालके :

प्रतिजनाच्या निवडीतील चूक प्रयोगशाळेत राहत नाही. ती कोणाच्या तरी दंडात टोचली जाते. क्षयरोगाचे उदाहरण म्हणूनच शेवटी घेतले आहे. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक-चतुर्थांश भारतात आहेत, त्यामुळे या क्षेत्रातील वर्षांचा हिशेब भारतीय वाचकाला परका नाही.

क्षयाच्या जंतूत सुमारे चार हजार जनुके आहेत. त्यांतून ऑक्सफर्डच्या हेलन मॅकशेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ८५-ए हे स्रवणारे प्रथिन निवडले. ते बीसीजीतही असते, त्यामुळे बीसीजीने जागवलेली स्मृती एमव्हीए वाहकातून पुन्हा उजळावी, ही योजना तर्कशुद्ध होती. २००४ मध्ये आलेल्या मानवी अभ्यासात बीसीजी घेतलेल्यांत टी-पेशींचा प्रतिसाद जोरदार आला. ठिपके भरपूर उमटले. त्या बळावर दक्षिण आफ्रिकेत केपटाऊननजीकच्या वूस्टर परिसरात, जन्मतः बीसीजी मिळालेल्या २,७९७ तान्ह्या बालकांवर चाचणी झाली. १९६८ नंतर अर्भकांमधील क्षयलसीची ही पहिलीच मोठी परिणामकारकता-चाचणी होती. फेब्रुवारी २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. लस मिळालेल्यांत ३२ बालकांना व प्लासिबो मिळालेल्यांत ३९ बालकांना क्षय झाला. परिणामकारकता १७.३ टक्के, म्हणजे संख्याशास्त्रीयदृष्ट्या शून्यापासून वेगळी न करता येण्याजोगी.

या निष्कर्षानंतर चर्चा बरीच झाली. ८५-ए हा चुकीचा प्रतिजन होता, असे काहींनी म्हटले. एकच प्रतिजन अपुरा होता, असे इतरांनी. बालकांतील प्रतिसाद प्रौढांपेक्षा दुबळा पडला, हेही नोंदवले गेले. या तिन्हींपैकी कोणतेही विधान त्या चाचणीतून सिद्ध होत नाही, कारण ८५-ए दुसऱ्या वाहकातून दिलेला गट तीत नव्हता. इतक्या मोठ्या चाचणीत तसा गट ठेवणे परवडणारे नव्हते, हे समजण्यासारखे आहे. पण आधीच्या टप्प्यात, प्राण्यांत व लहान मानवी गटांत, किमान दोन अगदी भिन्न जातींच्या वाहकांतून तोच प्रतिजन तपासणे अशक्य नव्हते. एका वाहकात दिसलेला प्रतिसाद दुसऱ्यात टिकतो काय, टी-पेशींबरोबर प्रतिपिंडांचे काय होते, आणि प्रतिसाद न देणाऱ्या प्रतिजनांचे निष्कर्षही प्रसिद्ध होतात काय, एवढ्या तीन गोष्टी कोणत्याही प्रतिजन-शोधाच्या अहवालात वाचकाने आधी शोधाव्यात. त्या नसतील तर ‘अमुक प्रतिजन सापडला’ या वाक्याऐवजी ‘अमुक वाहकातून अमुक प्रतिजनाला प्रतिसाद मिळाला’ असे लिहिणे अधिक खरे ठरेल.

वूस्टरच्या बालकांच्या रक्ताचे साठवलेले नमुने नंतर पुन्हा तपासले गेले. २०१६ मध्ये हेलन फ्लेचर व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणात, ज्या बालकांत टी-पेशी आधीच चेतलेल्या अवस्थेत होत्या त्यांना क्षयाचा धोका अधिक होता. धोका कमी असण्याशी ज्या गोष्टींचा संबंध आढळला, त्यांत बीसीजीला इंटरफेरॉन-गॅमाने प्रतिसाद देणाऱ्या टी-पेशी होत्या आणि ८५-ए या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडेही होती. ही लस ज्यासाठी आखली गेली त्या टी-पेशींच्या हिशेबात ती प्रतिपिंडे धरलेलीच नव्हती.